सातवीतल्या लेकीला वर्गात सगळे सांभाळतात, पण मैत्रीण एकही नाही. काय करावं?

कोवळं_ऊन

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी लेक सातवीत आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. बालवाडीपासून नेहमीच्याच शाळेत आहे. वाचन छान आहे, गोष्टीची पुस्तकं आपणहून काढून वाचत बसते, गणिताला कॅल्क्युलेटर आणि सोप्या केलेल्या वर्कशीट, परीक्षेचा पेपर वेगळा, हे सगळं शाळेनं नीट बसवलंय आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त तिच्या मदतीला बसणाऱ्या बाई आहेत, त्याही प्रेमळ आहेत.

अडचण अशी आहे की तिला कुणी चिडवत नाही, मारत नाही, उलट सगळे इतके गोड वागतात की तक्रार करायची तरी कशाची तेच कळत नाही. मुली तिची बॅग उचलतात, बुटाची लेस बांधून देतात (तिला येते बांधता, वेळ लागतो इतकंच), गाल ओढतात, "कित्ती क्यूट" म्हणतात, तिनं काहीही केलं की टाळ्या वाजवतात, आणि मग मधली सुट्टी झाली की आपापल्या घोळक्यात निघून जातात आणि ही शॅडो टीचरच्या शेजारी बसून डबा खाते. तिसरी-चौथीपर्यंत असं नव्हतं, तेव्हा पकडापकडीत ही पण धावायची. पाचवीपासून पोरींच्या गप्पा सुरू झाल्या आणि त्या गप्पांचा वेग हिला गाठता येत नाही. वाढदिवसाची बोलावणी बंद झाली. सहलीला सगळ्यांच्या जोड्या लागतात, हिची जोडी बाईंशी. शाळेच्या कार्यक्रमात नाचायला मागच्या रांगेत, त्यातही "तिच्या मानेला त्रास होईल" म्हणून निम्म्या स्टेप्स काढून टाकल्या.

परवा तिनं मला विचारलं, "वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या आहेत, मी का नाही?" मुलींनी व्हॉट्सॅपवर ग्रुप केलाय हे मलाही माहीत नव्हतं. काय सांगणार होते मी.

बाईंचं म्हणणं, स्पेशल शाळेत घाला, आपल्यासारख्या मुलांत ती जास्त खुश राहील. नवऱ्याला ते थोडं थोडं पटायला लागलंय. मला मनातून पटत नाही पण रोज मधल्या सुट्टीत ती एकटी बसलीय हे डोळ्यासमोर आलं की माझा पण निश्चय हलतो. ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांनी सांगा, मैत्री जमली का, जमली तर कुठे आणि कशी? शाळा बदलून खरंच फरक पडतो का?

एक विनंती, "देवाचं लेकरू", "निरागस फुल" असलं कृपया कुणी लिहू नका. ती बारा वर्षांची मुलगी आहे, तिला राग येतो, हट्ट येतो, गणित आवडत नाही, आणि तिला मैत्रीण हवी आहे.

---

खडू_फळा

ताई, मी स्पेशल एज्युकेटर आहे, नेहमीच्या शाळेतल्या रिसोर्स रूममध्येच (अशा मुलांना जादा मदत मिळते ती खोली) इतकी वर्षं काम केलंय. तुम्ही जे लिहिलंय ते मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिलंय आणि बहुतेक वेळा अगदी याच वयात, पाचवी ते सातवी.

सगळ्यात आधी शॅडो टीचर. त्या प्रेमळ आहेत म्हणजे त्यांचा दोष नाही, पण मोठं माणूस सतत हाताच्या अंतरावर बसलं की बारा वर्षांची मुलं तिथे फिरकत नाहीत, मोठ्यांसमोर कोण गुपितं बोलणार? यावर अमेरिकेत मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता, मदतनीस फार जवळ राहिला की मूल वर्गापासून तुटतं, प्रत्येक गोष्टीत त्याच्यावर अवलंबून राहायला लागतं आणि वर्गशिक्षकही "हे मूल मदतनिसाचं" असं धरून चालतात. म्हणून शाळेशी पहिलं बोलणं हेच करा की मधल्या सुट्टीत, पीटीला, चित्रकलेला शॅडो टीचर तिच्या शेजारी नको. खोलीत किंवा मैदानावर असू दे, लांब. आणि त्यांनी मदत फक्त तुमच्या लेकीला न करता आसपासच्या चारपाच मुलांना करावी, मग त्या "हिच्या बाई" उरत नाहीत.

दुसरं, कान तपासले का गेल्या वर्षभरात? हे मी प्रत्येक पालकाला विचारते आणि निम्मे तरी म्हणतात लहानपणी केलं होतं. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे चिकट पाणी साठतं, त्यामुळे ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. घरी शांततेत सगळं कळतं पण मैदानावर पाच पोरी एकदम बोलायला लागल्या की अर्धे शब्द हरवतात आणि लोकांना वाटतं हिला समजत नाही. त्यासोबत थायरॉइड, आणि झोपेत घोरते का, श्वास अडकतो का तेही बघा. या वयात मूल गप्प गप्प झालं की "सिंड्रोममुळेच" म्हणून सोडून देतात, आणि कारण वेगळंच निघतं जे उपचारानं बरं होतं.

गप्पांच्या वेगाचं तुम्ही अचूक लिहिलंय. या मुलांना जेवढं समजतं त्याच्या मानानं बोलून दाखवणं मागे असतं, नुसतं ऐकलेलं लक्षात ठेवणं अवघड जातं आणि बघितलेलं, वाचलेलं जास्त टिकतं. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला सू बकली यांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केलं, वाचनाच्या आधारानं बोलणं सुधारतं हे त्यांनी दाखवलं, आणि तुमची लेक तर वाचते! मग तिला मोकळ्या गप्पांच्या घोळक्यात ढकलण्यापेक्षा जिथे पाळी ठरलेली असते तिथून सुरुवात करा, पत्ते, कॅरम, बॅडमिंटन, भित्तिपत्रक रंगवणं, तीन-चार मुलींचा गट, त्याहून मोठा नको. तिथे तिची पाळी आली की सगळ्यांना थांबावंच लागतं. हात हलत असले की बोलणंही आपोआप निघतं.

वर्गाशी एकदा बोलावं लागेल, पण लेकीला विचारून, आणि तिला तिथे बसायचं असेल तर तिच्यासमोर. "ती स्पेशल आहे, तिला सांभाळा" हे भाषण नको, त्यातूनच तर गाल ओढणं आलंय. साध्या गोष्टी सांगायच्या: आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, तिच्यात एकविसाव्याची एक प्रत जास्त म्हणून ४७, हा संसर्ग नाही, तिला बोलायला जरा वेळ लागतो तर मनात दहा आकडे मोजा आणि थांबा, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि ती खेळात चीटिंग करत असेल तर स्पष्ट सांगा की ही चीटिंग आहे. हे शेवटचं मुलांना फार मोकळं करतं, कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं हिच्यावर रागवायचंच नसतं, आणि जिच्यावर रागवता येत नाही तिच्याशी मैत्री कशी होणार.

मानेचं पण सांगते. काही जणांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, म्हणून कोलांट्या, डोक्यावर भार येणारे प्रकार, सूर मारणं याबाबत आधी डॉक्टरांना विचारायचं असतं. पण त्यावरून हात वर करायच्या स्टेप्सही काढून टाकायच्या याला काही अर्थ नाही. डॉक्टरांकडून लेखी आणा काय चालेल आणि काय नाही.

---

थोरली_बहीण

मी आई नाही, बहीण आहे. माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम. एका लायब्ररीत कामाला आहे, परत आलेली पुस्तकं नंबराप्रमाणे लावतो आणि ते तो माझ्यापेक्षा नक्कीच बिनचूक करतो.

शाळेतल्या कुणाशीही त्याची आता ओळख राहिलेली नाही, हे वाचून वाईट वाटेल पण खरं तेच सांगते. त्याची दोस्ती झाली ती शाळेबाहेर, संध्याकाळच्या बॅडमिंटनमध्ये. सुरुवातीला तिथेही त्याला मुद्दाम पॉइंट द्यायचे लोक. मग एक जण आला जो खरंच हरवायचा त्याला, शटल थेट अंगावर मारायचा, आणि माझ्या भावाला तोच सगळ्यात आवडला. आज एखाद्या दिवशी भाऊ गेला नाही तर रात्री फोन येतो, "कुठे होतास, आमचा एक माणूस कमी पडला". माझ्यासाठी कसोटी ही एकच आहे ताई. तो नसला तर कुणाचं तरी काही अडतं का. लेकीच्या शाळेत ती गैरहजर असली की कुणाचं काय अडतं ते बघा, आणि काहीच अडत नसेल तर तिच्याकडे असं काम द्या की जे बाकीच्यांनाही हवंय. मुद्दाम तिच्यासाठी शोधलेलं फळा पुसायचं काम नव्हे हं, सगळ्यांच्या पाळीत तिचीही पाळी, सामानाच्या कपाटाची किल्ली, संघाचा स्कोअर लिहिणं, असलं.

घरात पण बघा. आमच्याकडे नातेवाईक यायचे, त्याच्याकडे बघून हसायचे आणि मला विचारायचे, "हा काय करतो दिवसभर? याला चहा चालतो?" तो समोर बसलेला! मी कॉलेजात असताना एक नियम केला, त्याच्याबद्दलचा प्रश्न मला विचारला की मी फक्त त्याच्याकडे बघायचं आणि गप्प बसायचं. पहिल्यांदा सगळे अवघडायचे, हळूहळू त्यालाच विचारायला लागले. बाहेरच्यांनी सामावून घ्यावं असं आपण म्हणतो पण त्याच्या वतीनं बोलायची सवय आधी आपल्यालाच लागलेली असते.

आणि फोन. द्या तिला. भाऊ टाइप हळू करतो म्हणून व्हॉइस नोट पाठवतो, दुसऱ्यांच्या व्हॉइस नोट दोनदा तीनदा ऐकतो, समोरासमोर जे निसटतं ते इथे त्याला सापडतं. अनोळखी माणूस, पैसे, फोटो याबद्दल घरी बसून नीट शिकवावं लागतं, चित्रं काढून नियम भिंतीवर लावावे लागतात, ते कष्ट आहेत. पण आजच्या पोरांची निम्मी मैत्री फोनवरच असते, तिथे तिला जागा नसेल तर मैदानावर मिळणं अवघडच.

आणखी एक, हे शाळेचे चार-पाच वर्षांचे हिशेब फार मोठे मानू नका. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीसेक वर्षं होतं, आता ते साठच्या आसपास गेलंय, हृदयाच्या शस्त्रक्रिया लहानपणीच होतात आणि यांना संस्थांमध्ये टाकून द्यायची पद्धत बरीच कमी झाली म्हणून. म्हणजे शाळेनंतर चाळीस-पन्नास वर्षं आहेत तिच्यापुढे. आत्तापासून शाळेबाहेर एक तरी जागा तयार करा जिथे ती वयाच्या अठराव्या वर्षीही जात असेल.

---

संथ_वाहते_पाणी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका कुणी.

आम्ही मुलाला आठवीत स्पेशल शाळेत हलवलं आणि तो खरोखर उमलला. आधीच्या शाळेत तो वर्गातला कायमचा शेवटचा होता, कितीही टाळ्या वाजवल्या तरी त्याला कळायचं ना. नव्या शाळेत तो संघाचा कॅप्टन झाला, भांडणं करायला लागला, एक मुलगी आवडायला लागली, तिच्यासाठी रोज केस नीट विंचरून जायला लागला. आपल्यासारखा चेहरा, आपल्यासारखं अडखळत बोलणं असलेली माणसं आसपास असण्यात एक सुटकेचा श्वास आहे आणि तो आपण आईबाप देऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या शाळेत "असा" आपण एकटाच, हे ओझं मुलाला जाणवतं.

तोटा पण सांगतो. शाळा लांब, त्यामुळे मित्र सगळे लांब, आणि बिल्डिंगमधली पोरं त्याला ओळखेनाशी झाली. ते भरून काढायला आता तो संध्याकाळी युनिफाइड संघात फुटबॉल खेळतो. स्पेशल ऑलिम्पिक्सचा हा प्रकार आहे, एकाच संघात बौद्धिक अपंगत्व असलेले आणि नसलेले दोघेही खेळाडू, दोघांनाही सारखाच घाम गाळावा लागतो. तुमच्या जवळपास असेल तर जरूर बघा.

आणि लोक मला सारखं पाब्लो पिनेडाचं उदाहरण देतात. स्पेनमधले ते, डाउन सिंड्रोम असून युनिव्हर्सिटीची पदवी घेतली, २००९ मध्ये सॅन सेबास्टियनच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचं बक्षीस मिळवलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माझा मुलगा पदवीधर होणार नाही, नट होणार नाही, तरी तो लोकांना हवासा असला पाहिजे. काहीतरी थोर करून दाखवल्याशिवाय जागा मिळणार नसेल तर ती कसली जागा.

---

खडू_फळा

दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी जपून ठेवणार आहे. आणि स्वतःसारखी माणसं भेटायला हवीत हे तर शंभर टक्के, ते प्रत्येक मुलाला हवं, नेहमीच्या शाळेतल्यालाही, शनिवार-रविवारचा गट असो काही असो.

पण "आपल्यासारख्या मुलांत खुश राहील" हे जेव्हा शाळा म्हणते तेव्हा मला ते खटकतं, कारण त्यात शाळेला स्वतः काही बदलावं लागत नाही. इटलीनं १९७७ मध्ये कायदा करून नेहमीच्या शाळांमधले वेगळे वर्ग बंद केले आणि सगळी मुलं एका वर्गात आणली, म्हणजे व्यवस्था म्हणून हे करता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं चोविसावं कलम पण सर्वांना सामावणाऱ्या शिक्षणाचंच आहे. तुम्ही विचार करून, मुलाकडे बघून हलवलंत, ते वेगळं. ताईंना मात्र शाळेनं अजून काही करूनच पाहिलेलं नाही आणि दार दाखवतायत.

---

माझं_मी_लिहिते

मला डाउन सिंड्रोम आहे. मी सव्वीस वर्षांची आहे. मी बोलते आणि फोन टाइप करतो. बहिणीनं फक्त काना-मात्रा बघितल्या.

मला पण शाळेत सगळे बाळ म्हणायचे. मला ते आवडायचं नाही. मी बाळ नाही. मी आता सांगते, मला नावानं हाक मारा. काही लोक हसतात. मी परत सांगते.

माझी मैत्रीण नाटकाच्या ग्रुपमध्ये आहे. तिला डाउन सिंड्रोम नाही. आम्ही दोघी भांडतो. ती माझ्यावर ओरडली होती कारण मी तिचा डायलॉग बोलले. मग मी सॉरी म्हटलं. ती माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबते. म्हणून ती मैत्रीण आहे.

माझ्यासारख्या पण मैत्रिणी आहेत. दोन्ही पाहिजे. एक घ्या एक सोडा असं का?

इथे सगळ्यांनी खूप लिहिलंय. पण काकू तुम्ही तिला विचारलं का? शाळा तिची आहे. २१ मार्चला डाउन सिंड्रोम दिवस असतो. २०२३ चा विषय होता, आमच्यासाठी नको, आमच्यासोबत. मी तेव्हा स्टेजवर बोलले होते. तिला विचारा. आणि उत्तर द्यायला तिला वेळ द्या. एका दिवसात विचारू नका सगळं.

---

कोवळं_ऊन

सगळ्यांचे खूप आभार, आणि माझं_मी_लिहिते, तुझे सगळ्यात जास्त. तुझं वाचून मी आणि नवरा दोघं बसलो आणि ठरवलं की आधी तिलाच विचारायचं. तोंडी विचारलं असतं तर ती "हो" म्हणून मोकळी झाली असती (तिला वाटतं हो म्हटलं की प्रश्न संपतात), म्हणून कागदावर लिहून दिलं, प्रत्येक प्रश्नाखाली रिकामी जागा, आणि चार दिवस तो कागद तिच्या टेबलावर राहू दिला. थोडं थोडं लिहीत गेली.

शाळा बदलायची नाही असं तिनं लिहिलंय, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. मधल्या सुट्टीत बाई नकोत. फोन हवा. लेस मीच बांधणार. आणि "कुणाशी मैत्री करायला आवडेल" या प्रश्नाखाली अशा एका मुलीचं नाव लिहिलं जिचा मी कधी विचारच केला नसता, ती गाल ओढणाऱ्यांपैकी नाहीच, वर्गात फारसं न बोलणारी, यंदाच दुसऱ्या शाळेतून आलेली. का ती, विचारलं तर म्हणाली, "ती पण चित्र काढते. ती मला रंग मागते." बॅग उचलणाऱ्या इतक्या जणी आणि हिला आवडली ती जी हिच्याकडे काही मागते.

तिच्या आईला फोन केला, शनिवारी दोघी आमच्याकडे चित्रं काढायला बसणार आहेत. आम्ही मोठे दुसऱ्या खोलीत. कानांची अपॉइंटमेंट घेतलीय, शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची निघाली. संथ_वाहते_पाणी दादा, युनिफाइड खेळाची चौकशी नवरा करतोय, त्याला तुमचं सगळ्यात जास्त पटलं, आणि आपल्यासारख्या मैत्रिणींसाठीही एखादा गट शोधतोय. नेहमीची शाळा की स्पेशल शाळा यावर आमच्या दोघांत अजून पूर्ण एकमत नाही पण हे वर्ष तरी इथेच, एवढं ठरलं.

आता मुख्याध्यापकांना भेटायचंय. खडू_फळा ताई, लेखी द्यायचं तर काय काय लिहू? फार मोठी यादी दिली की काहीच होत नाही असा अनुभव आहे.

---

खडू_फळा

एका पानाच्या वर जाऊ नका. तीनच मागण्या लिहा: मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला शॅडो टीचर लांब राहतील, सहलीला आणि गटकामाला तिची जोडी वर्गातल्या मुलीशीच लागेल, आणि वर्गातल्या कामांच्या पाळीत तिचं नाव इतरांसारखंच येईल. प्रत्येक मागणीपुढे जबाबदार कोण त्याचं नाव आणि पुन्हा बसून बघायची तारीख, सहा आठवड्यांनंतरची. नाचाचं त्यात घालू नका, डॉक्टरांचं पत्र आलं की वेगळं द्या.

आणि त्या भेटीला लेकीला सोबत न्या. तिनं भरलेला कागद तिच्याच हातात असू दे, वाचायचा असेल तर ती वाचेल. तिला वेळ लागला तर मुख्याध्यापक थांबतील, तुम्ही मध्ये बोलू नका.